तिच्याबरोबर कोण जाणार?

'नवराबायकोचे भांडण आहे, तिसऱ्याने त्यात पडू नये,' हे वाक्य आपल्या वस्त्यांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. धम्मदीक्षा घेताना आपण पुष्कळ गोष्टी मागे टाकल्या. कोणी १९५६ च्या ऑक्टोबरात नागपुरास जाऊन टाकल्या, कोणाच्या वडिलांनी टाकल्या, कोणी अगदी कालपरवा टाकल्या. देव्हाऱ्यातील टाक नदीत गेले, अंगात येणे थांबले, मुलांची नावे बदलली. हे वाक्य मात्र जुन्या पाट्यावरवंट्याप्रमाणे गाडीत घालून आपण नव्या घरी आणले. आजही भिंतीपलीकडून बाईच्या ओरडण्याचा आवाज आला की तेच वाक्य पुटपुटत आपण आपले दार लावून घेतो.

मारणाऱ्याविषयी लिहिण्याचा आज आमचा हेतू नाही. पंचशील ग्रहण केलेल्या मनुष्याने बायकोवर हात उगारावा की नाही, हा वादाचा विषयच होऊ शकत नाही. सिगाल नावाच्या गृहस्थपुत्रास उपदेश करताना तथागतांनी पतीची पत्नीविषयी पाच कर्तव्ये सांगितली: तिचा मान राखणे, तिचा अवमान न करणे, तिच्याशी एकनिष्ठ राहणे, घरातील अधिकार तिच्या हाती देणे आणि तिला अलंकार देणे. तिला वळण लावण्यासाठी मारणे हे त्या पाचांत कोठेही नाही. दारूची सबब तर ऐकूनच घेऊ नये. दारू पिऊन झिंगलेला हा पुरुष फौजदारास मारीत नाही, सावकारास मारीत नाही, पाटलाच्या दारावरून जाताना आवाजदेखील चढवीत नाही. घरी पोचल्यावर मात्र त्याची शुद्ध हरपते. एवढा हिशेब ज्यास राखता येतो, त्याची शुद्ध शाबूत आहे असेच आम्ही समजतो.

आज आम्हांस बोलावयाचे आहे ते तिसऱ्या माणसाविषयी. मार खाणाऱ्या बाईच्या बाजूस उभे राहून जो तिला दवाखान्यापर्यंत, ठाण्यापर्यंत, न्यायालयापर्यंत सोबत करतो, तिच्या वतीने दोन शब्द बोलतो, त्या माणसाविषयी. यास वकिलीच म्हटले पाहिजे. पण ही काळ्या डगल्याची वकिली नव्हे. तीस सनद लागत नाही, आणि शिक्षणही फारसे लागत नाही. असे असूनही आपल्या समाजात हे काम करणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजावी लागतात.

प्रश्न किती मोठा आहे, हे दोन आकड्यांवरून ध्यानात यावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी शेकडा २९ जणींनी पतीकडून शारीरिक अथवा लैंगिक हिंसा सोसल्याचे सांगितले. त्याहून आम्हांस विषण्ण करणारा आकडा दुसराच आहे. अशी हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी शेकडा ७७ जणींनी ना कोणाची मदत मागितली, ना कोणास ही गोष्ट सांगितली. मदत मागितली ती शेकडा १४ जणींनी, आणि त्यांतील बहुतेकींनी ती आपल्या माहेरच्या माणसांकडे मागितली. म्हणजे पोलीस, वकील आणि न्यायालय यांच्या दारापर्यंत पोचणारी बाई ही हजारांत विरळा होय.

ती का पोचत नाही, हे मुंबई-पुण्यात बसून कळावयाचे नाही. त्यासाठी उमरखेडसारखा तालुका पाहावा. यवतमाळ जिल्ह्याच्या अगदी दक्षिण टोकाला, पैनगंगेच्या काठाकाठाने हा तालुका पसरला आहे. नदीच्या अलीकडे वऱ्हाड आणि पलीकडे मराठवाडा. जिल्ह्याचे ठिकाण उमरखेडपासून शंभर किलोमीटरांहून दूर. त्या मानाने नदीपलीकडचे नांदेड जवळ. पूर्वी नदीच्या दोन तीरांवर दोन राज्ये होती, आज दोन महसुली विभाग आहेत. पण सोयरिकींनी ही सीमा कधी मानली नाही. उमरखेड, विडूळ, ढाणकी, मुळाव्याच्या लेकी हदगाव-कळमनुरीकडे नांदावयास जातात आणि तिकडच्या इकडे येतात. तालुक्याच्या जंगलभागाला लोक 'बंदी भाग' म्हणतात. पैनगंगा अभयारण्याच्या आसपास वसलेल्या तेथील गावांना उमरखेड हेच मोठे शहर.

अशा एखाद्या गावची बाई डोळ्यांपुढे आणा. रात्री मार बसला आहे. सकाळी कडेवर एक आणि बोटाशी एक अशी दोन मुले घेऊन ती मिळेल त्या वाहनाने उमरखेडला येते. ठाण्यावर तिला सांगतात, अर्ज लिहून आणा. तिला लिहिता येत नाही, किंवा येते पण असला अर्ज कसा लिहावा ते ठाऊक नाही. सरकारी दवाखान्यात जावे, तर तोवर नवरा किंवा दीर मागोमाग येऊन उभा राहिलेला असतो, आणि 'कसे लागले?' या डॉक्टरांच्या प्रश्नास ती त्याच्यादेखत 'पडले' एवढेच उत्तर देते. ते उत्तर कागदावर उतरते. पुढे कधी ती न्यायालयात उभी राहिली, तर तोच कागद तिच्याविरुद्ध वाचून दाखविला जाईल, हे त्या क्षणी तिला सांगणारे कोणी नसते. दुपार होते, मुले भुकेने रडू लागतात, कचेरीतील साहेब दौऱ्यावर असतात, आणि शेवटची गाडी चुकली तर रात्र कोठे काढावी हा प्रश्न उभा राहतो. ती परतीच्या गाडीत बसते. तिची केस न्यायालयात हरलेली नाही. न्यायालयाचे तोंडही न पाहता ती गाडीतळावरच हरली आहे. त्या दिवशी तिच्याबरोबर एखादी जाणती बाई असती, जिने अर्ज लिहिला असता, मुलांना चार घास घातले असते आणि डॉक्टरांना 'यांना बाहेर पाठवा' असे सांगितले असते, तर त्या दिवसाचा शेवट निराळा झाला असता.

आता कायदा तिला काय देतो ते पाहू. कारण आमच्या पुष्कळ वाचकांचा असा समज आहे की कायदा म्हणजे नवऱ्यास तुरुंगात घालणे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम हा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आहे. मारहाणीबरोबरच लैंगिक छळ, शिवीगाळ व अपमान, आणि पैशाची कोंडी करणे यांसही तो हिंसा म्हणतो. खर्चास न देणे, तिचे दागिने विकून टाकणे, तिची मजुरी काढून घेणे, हे सारे त्यात येते. तो धर्म विचारीत नाही. त्या घरातील बायकोपुरताच तो नाही. मुलाच्या हातचा मार खाणारी म्हातारी आई, भावाने घराबाहेर काढलेली बहीण यांसही तो आधार देतो. न्यायदंडाधिकाऱ्यापुढे अर्ज केला की पुन्हा मारू नये असा संरक्षण आदेश, घरात राहू देण्याचा आदेश, खर्चाची रक्कम, मुलांचा तात्पुरता ताबा आणि नुकसानभरपाई, यांपैकी जे हवे ते मागता येते. पहिली तारीख सामान्यतः तीन दिवसांच्या आत आणि निकाल साठ दिवसांत देण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायद्याचे म्हणणे आहे. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात, हे आम्ही लपवून ठेवीत नाही. म्हणूनच अर्जाबरोबर अंतरिम आदेश मागावयास विसरू नये. कलम २३ प्रमाणे प्रतिज्ञापत्रावर, प्रसंगी समोरच्याची वाट न पाहता, असा आदेश मिळू शकतो; परंतु तो मागितला तरच विचारात येतो.

या साऱ्यात तुरुंग कोठेही नाही. तुरुंग येतो तो आदेश मोडल्यावर. कलम ३१ प्रमाणे संरक्षण आदेशाचा भंग करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा आहेत. ज्या बाईला नवरा तुरुंगात नको आहे, कारण त्याची मजुरी बंद झाली तर मुले काय खातील ही तिची खरी चिंता आहे, तिच्यासाठीच हा मार्ग काढलेला आहे. क्रूरतेचा फौजदारी गुन्हा ही निराळी वाट होय. भारतीय दंड संहितेत १९८३ साली घातलेले कलम ४९८-अ आता १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ व ८६ मध्ये आहे. ती वाट कधी धरावयाची, हे तिने ठरवावे.

उमरखेडच्या दृष्टीने या कायद्याचे कलम २७ आम्हांस विशेष मोलाचे वाटते. बाई जेथे कायमची अथवा तात्पुरती राहत असेल, तेथील न्यायालयातही तिला अर्ज करता येतो. म्हणजे हदगाव तालुक्यात नांदणारी लेक मार खाऊन उमरखेडला माहेरी आली, तर तिला सासरच्या गावी, सासरच्या माणसांच्या गराड्यात तारखा करीत बसण्याची गरज नाही. माहेरच्या न्यायालयात अर्ज करता येईल. नदीच्या दोन्ही तीरांवरील किती आईबापांना हे ठाऊक आहे?

दुसरी गोष्ट घराची. 'हे घर माझ्या नावावर आहे, तुझा येथे काय संबंध?' असे म्हणून सासरा सुनेला रात्री बाहेर काढतो. २००६ च्या एका निकालाने या बोलण्यास बळ मिळाले होते. तो निकाल सर्वोच्च न्यायालयाने १५ ऑक्टोबर २०२० रोजी सतीशचंद्र आहुजा यांच्या प्रकरणात चुकीचा ठरविला. घर सासऱ्याच्या मालकीचे असले, तरी सून जेथे संसार करीत आली ते तिचे सामायिक घर असू शकते, आणि तेथे राहण्याचा हक्क तिला मागता येतो.

तिसरी गोष्ट आपल्या समाजापुरती आहे, आणि ती ऐकून आमचा संताप होतो. लग्न विहारात, त्रिशरण-पंचशील घेऊन लागले. सप्तपदी झाली नाही, नोंदणीही केली नाही. पुढे बाई खर्च मागू लागली की हाच नवरा म्हणतो, 'तू माझी कायदेशीर बायकोच नव्हेस.' ज्या विधीने ताठ मानेने लग्न केले, त्याच विधीस पैशाच्या वेळी खोटा ठरविण्याची ही कोडगी वृत्ती होय. १९५५ चा विवाह कायदा बौद्धांसही लागू आहे, आणि पक्षकारांच्या समाजात रूढ असलेल्या विधीने झालेले लग्न त्यास मान्य आहे. २००५ चा कायदा तर याहून पुढे जातो. विवाहासारख्या नात्यातील स्त्रीसही तो संरक्षण देतो. तरीदेखील बौद्धाचार्यांनी प्रत्येक लग्नाची नोंद वहीत दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी ठेवावी आणि वधूवरांस नोंदणी कचेरीत पाठवावे. दहा मिनिटांच्या या कामाने पुढे एखाद्या बाईची दहा वर्षे वाचतील.

कायदा एवढे देतो; पण तो स्वतःच्या पायांनी चालत खेड्यात येत नाही. ही उणीव कायदा करणाऱ्यांस ठाऊक होती, म्हणून त्यांनी तिसऱ्या माणसाची जागा कायद्यातच करून ठेवली. संरक्षण अधिकारी नेमावयाचा. त्याने घटनेचा अहवाल तयार करावयाचा, अर्ज लिहिण्यास मदत करावयाची, फुकट वकील मिळवून द्यावयाचा, दवाखाना व आसरा दाखवावयाचा. परंतु अनेक ठिकाणी हे काम आधीच दुसऱ्या दहा कामांनी वाकलेल्या अधिकाऱ्याच्या गळ्यात घातले गेले. अखेर २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयास सर्व राज्यांना बजवावे लागले की जिल्हा व तालुका पातळीवर महिला व बालविकास खात्याच्या अधिकाऱ्यांतून संरक्षण अधिकारी सहा आठवड्यांच्या आत नेमा. कायदा लागू होऊन जवळजवळ एकोणीस वर्षे लोटल्यानंतर हे सांगावे लागले! आपापल्या तालुक्याचा संरक्षण अधिकारी कोण, त्याची बसण्याची जागा कोठे, हे तहसील कचेरीत व बालविकास प्रकल्पाच्या कचेरीत जाऊन विचारावे, आणि मिळालेले उत्तर विहाराच्या फळ्यावर लिहावे. तो अधिकारी भेटला नाही म्हणून थांबण्याचेही कारण नाही. बाईने थेट न्यायालयात अर्ज केला असेल, तर अधिकाऱ्याचा अहवाल नसतानाही न्यायदंडाधिकाऱ्यास आदेश देता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे.

आणि आता ज्या कलमासाठी आम्ही हा लेख लिहावयास घेतला, ते कलम १२. हा अर्ज बाईने स्वतः करावा, संरक्षण अधिकाऱ्याने करावा, किंवा तिच्या वतीने *अन्य कोणत्याही व्यक्तीने* करावा. कोणत्याही! त्यात शेजारीण आली, विहारातील बाई आली, मुलीची शिक्षिका आली. कलम ४ म्हणते की हिंसा घडली आहे किंवा घडण्याचा संभव आहे असे ज्यास वाटते, त्याने संरक्षण अधिकाऱ्यास कळवावे. सद्‌हेतूने कळविणाऱ्यावर कोणतीही जबाबदारी येणार नाही. तेव्हा 'आम्ही मध्ये पडलो तर आमच्यावरच किटाळ येईल' ही भीती कायद्याने काढून टाकली आहे. तिसऱ्याने मध्ये पडू नये, ही रूढी. तिसऱ्याने मध्ये पडावे, हा कायदा.

येथे आमचे काही जाणते वाचक म्हणतील, आम्ही मध्ये पडतोच. समाजाची बैठक बसवितो. या बैठकीविषयी स्पष्ट बोलणे भाग आहे. दोन्हीकडचे चार जाणते पुरुष विहाराच्या ओट्यावर बसतात. चहा होतो. नवऱ्यास दोन खरमरीत शब्द सुनावले जातात, आणि मग बाईला विचारतात, 'तुझे काय चुकले ते सांग.' ती कोपऱ्यात पदर सावरून उभी असते. शेवटचा प्रश्न ठरलेला: 'नांदावयाचे आहे ना?' यापुढे मारणार नाही असे मुद्रांकाच्या कागदावर लिहून घेतात, सह्या-अंगठे होतात, आणि त्याच रात्री तिला त्याच घरी पाठवितात. हे लिहिताना आम्हांस शरम वाटते, कारण अशा ओट्यावर आम्हीही बसलो आहोत आणि 'तुझे काय चुकले' असे विचारणाऱ्यांत आमचाही आवाज होता. तो कागद मोडला तर काय होते? काहीही होत नाही. पुन्हा बैठक बसते. न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश मोडला तर गुन्हा होतो. बैठकीच्या कागदात आणि आदेशात हा फरक आहे, आणि मार खाणाऱ्या बाईच्या दृष्टीने हाच फरक सर्व काही आहे.

बैठकीतील पंच आणि आम्ही म्हणतो तो सोबती ही दोन निराळी माणसे होत. पंचास दोन्ही बाजू सारख्या. त्यास संसार टिकवावयाचा असतो. सोबत्यास बाजू एकच. तिचा जीव वाचावा आणि तिच्या आयुष्याचा निर्णय तिच्याच हाती राहावा, एवढेच त्याचे काम.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो झिडकारून टाकणे अन्यायाचे होईल. आपल्या समाजास पोलीस ठाण्याचे भय आहे, आणि ते उगाच नाही. गावच्या तंट्यात आपली पोरे आधी धरली जातात, याचा अनुभव घरोघर आहे. 'बाहेरचे आपल्याला आधीच नावे ठेवतात, त्यांत आपणच आपल्या माणसाविरुद्ध ठाण्यावर जायचे?' असे एखादी आई विचारते, तेव्हा तिच्या प्रश्नात पिढ्यांचे दुःख असते. पण याचा हिशेब बाईच्या पाठीवर का वळवावा? बाहेरच्याने जातीवरून मारले, तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा तिच्यामागे उभा राहतो. आपल्याच समाजातील नवऱ्याने मारले तर तो कायदा लागू होत नाही. आणि समाजही गप्प बसला तर तिच्यामागे कोणीच उरत नाही. समाजाच्या अब्रूसाठी जिने गप्प बसावयाचे, तिची अब्रू समाजाच्या अब्रूत मोडत नाही काय? शिवाय, वर सांगितल्याप्रमाणे या कायद्याची पहिली पायरी ठाण्यावर नाही, न्यायालयात आहे. क्रूरतेच्या गुन्ह्यातही पोलिसांनी सरसकट अटक करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने अर्नेशकुमार प्रकरणात २०१४ मध्येच ठरवून दिले आहे. तेव्हा खोट्या तक्रारींचा बागुलबोवा उभा करणाऱ्यांसही फारसे बोलण्यास जागा उरत नाही.

हे काम आपल्या परंपरेत नवे आहे असेही कोणी समजू नये. सावित्रीबाई फुले यांनी २९ ऑगस्ट १८६८ रोजी माहेराहून, नायगावाहून, जोतीरावांस एक पत्र लिहिले. गणेश नावाचा एक ब्राह्मण तरुण आणि अस्पृश्य समाजातील सारजा नावाची मुलगी यांचे प्रेम जमले, ती गरोदर राहिली. तेव्हा गावकऱ्यांनी दोघांस मारीत, धिंड काढीत, जिवे मारावयास नेले. सावित्रीबाईंस हे कळले, आणि त्या धावत तेथे गेल्या. खून केलात तर इंग्रजांच्या कायद्याने काय परिणाम होतील, याचे भय त्यांनी त्या जमावास घातले, आणि दोघांचे प्राण वाचविले. त्या दोघांचे वागणे बरोबर की चूक, याचा निवाडा करीत त्या बसल्या नाहीत. त्या स्वतः गेल्या, कायदा त्यांस ठाऊक होता, आणि तो त्यांनी योग्य वेळी मोठ्याने उच्चारला.

पुढे २० जुलै १९४२ रोजी नागपूरला दलित वर्गीय महिलांची परिषद भरली. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्षस्थानी होत्या. घटस्फोटाचा हक्क मिळावा, पुरुषाच्या बहुपत्नीत्वास कायद्याने आळा बसावा, असे ठराव त्या काळी, खेड्यापाड्यांतून आलेल्या कष्टकरी बायांनी संमत केले. बायकोने नवऱ्याची मैत्रीण म्हणून बरोबरीने उभे राहावे, त्याची दासी होऊ नये, असे परमपूज्य बाबासाहेबांनी त्याच परिषदेत बजावले. स्त्रियांस हक्क देणारे हिंदू कोड बिल अडले, तेव्हा सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, आणि त्यामागील कारणांत हे एक प्रमुख कारण होते. त्यांची तसबीर ज्या भिंतीवर आहे, त्याच भिंतीवर बायकोचे डोके आपटले जाते, ही गोष्ट आम्ही आणखी मवाळ शब्दांत लिहू शकत नाही.

तेव्हा सोबत्याने करावे काय? मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात टाटा समाजविज्ञान संस्थेने १९८४ साली स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष उघडला, आणि ठाण्याच्या आवारातच समाजसेविका बसू लागल्या. पुढे राज्य शासनाने ही कल्पना उचलून जिल्ह्याजिल्ह्यांत कक्ष काढले. या शतकाच्या आरंभी वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' हे केंद्र निघाले. तेथे दवाखान्यात आलेल्या बाईच्या जखमेमागचा प्रश्न विचारला जाऊ लागला. या कामांपासून जो धडा मिळतो तो साधा आहे: आधी तिचे ऐकून घ्यावे, आणि तिचे म्हणणे खरे मानावे. 'त्याने का मारले?' हा प्रश्न विचारू नये. विचारावयाचा प्रश्न 'आज रात्री तू घरी सुरक्षित आहेस काय?' हा होय. तिला एकटीला भेटावे. नवऱ्यास समोर बसवून तिचे मन काढू पाहणारा सोबती तिचा घात करतो. ती कोठे लपली आहे, हे भाऊबंदांसही सांगू नये. घर सोडण्याच्या सुमारास आणि त्यानंतरच्या दिवसांत बाईच्या जिवाला धोका वाढतो, हे पक्के ध्यानात ठेवावे.

कागदांचे महत्त्व आपल्या लोकांस उशिरा कळते. आधार कार्ड, शिधापत्रिका, बँकेचे पासबुक, जातीचा दाखला, लग्नाचा फोटो, मुलांचे शाळेचे कागद यांच्या नकला शेजारणीकडे किंवा माहेरी आधीच ठेवाव्यात. कोणत्या तारखेस काय घडले, हे वहीत लिहीत जावे. लिहिता येत नसेल तर सोबतणीने लिहावे. दवाखान्यात जखम कशी झाली हे खरे सांगावे व कागदावर लिहून घ्यावे. वकिलाच्या पैशाची चिंता नको. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने प्रत्येक स्त्रीस, तिचे उत्पन्न न विचारता, मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या न्यायालयातील विधी सेवा समितीकडे साधा अर्ज केला की पुरे. १८१ आणि ११२ हे क्रमांक, आणि विधी सेवेचा १५१००, लहान मुलांनाही पाठ असावेत. पुष्कळदा आईसाठी फोन लावणारे तेच असते.

आणि सर्वांत अवघड गोष्ट. एवढे सारे करूनही ती परत जाईल. मुलांसाठी जाईल, नवरा रडला म्हणून जाईल, भावजयीच्या घरी किती दिवस राहावयाचे म्हणून जाईल. त्या वेळी 'आम्ही एवढे केले आणि हिने आमचे तोंड काळे केले' असे म्हणून जो पाठ फिरवितो, तो सोबती नव्हेच. त्याने आपल्या मानासाठी काम केले, तिच्यासाठी नव्हे. ती दुसऱ्यांदा आली, तिसऱ्यांदा आली, तरी दार उघडेच राहिले पाहिजे, आणि 'आम्ही सांगितले नव्हते काय' हे वाक्य ओठांवर येता कामा नये.

उमरखेड तालुक्यातील आणि पैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील विहारांस आमची विनंती आहे. आषाढी पौर्णिमेस वर्षावास सुरू होतो. तीन महिने बायाबापड्या ग्रंथवाचनास रोज जमतात. त्या दिवसांत प्रत्येक विहाराने दोन स्त्रिया या कामासाठी निवडाव्यात. मानाच्या नव्हे, कामाच्या. एकीस लिहितावाचता यावे, दुसरीचा गावात दरारा असावा; दोन्ही गुण एकीच्याच ठायी असले तरी दोघी निवडाव्यात, कारण एकीवर दबाव आणणे सोपे असते. त्यांतील एक तरी सासुरवाशीण असावी, गावची लेक नको; गावच्या लेकीस गावच्या भावांविरुद्ध बोलणे जड जाते. बैठक भरवावयाची झालीच तर या दोघींना विचारल्यावाचून भरवू नये. बाईला एक रात्र मुलांसह राहू देतील अशी दोन-तीन घरे त्यांनी मनाशी ठरवून ठेवावीत. त्यांचा बोभाटा करू नये.

खर्च फार नाही. १७ मार्च २०२३ पासून एसटीत स्त्रियांस निम्मे तिकीट आहे. बाई आणि तिची सोबतीण, दोघींचे मिळून एकाच तिकिटाचे पैसे होतात. विहाराच्या पेटीतून तेवढे पैसे, अर्जाचा कागद आणि झेरॉक्स, आणि तारखेच्या दिवशी मुलांच्या दोन घासांचे पैसे बाजूस काढून ठेवावेत. जयंतीच्या वर्गणीतील किती भाग यासाठी राखावा, ते ज्या त्या विहाराने बसून ठरवावे. पण ते ठरविताना त्या दोघी स्त्रिया हजर असाव्यात.